शेपट्यांची नोंद

ब्रसेल्सहून माणूस आला, वही घेऊन.
लाय नदीवर धुकं होतं. फळीवरून नावेत येताना
त्याचे बूट दोनदा घसरले.
मी कॉफी दिली. त्याने फूटपट्टी काढली.

चार पिल्लं, सात आठवड्यांची,
चारही कोळशाच्या पोत्यातून सांडल्यासारखी.
तो बोलत बोलत लिहीत गेला:
कान लहान, त्रिकोणी, ताठ.
तोंड कोल्ह्याचं. मानेभोवती आयाळ, उभी.
मागच्या मांड्यांवर विजार घातल्यागत दाट केस.
पाठ मानेकडून मागे उतरती.
वजन पुढे सहा किलो, फार तर सात.
मी म्हटलं, मागून पाहिलं तर पावासारखी दिसतात, तेही लिहा.
त्याने ते लिहिलं नाही.

मग शेपट्या.

पहिलीला नाहीच. बोट फिरवलं तर एक खळगा,
लोण्यात अंगठा रुतावा तेवढा.
दुसऱ्याची दोन बोटं, जन्मतःच,
टोकाला गाठ, शिवण संपल्यावर मारतात तशी.
तिसरीची विळ्यासारखी, वर उचललेली.
चौथ्याची पाठीवर गुंडाळलेली,
धक्का सोडल्यावर ओडिल दोराचं वेटोळं ठेवायचा
अगदी तशी.

"चारही नैसर्गिक," तो म्हणाला.
"आधीच्या वेतांची नोंद?"

आधीच्या वेतांची नोंद ओडिलच्या हातात होती.
तिसऱ्या दिवशी सकाळी, पिल्लं दूध पिऊन निजली की
जाड दोऱ्याने आवळायचा. मग कात्री.
मी इंजिन सुरू ठेवायची,
विनाकारण, जाग्यावरच.
त्याच्या बापानेही हेच केलं, बापाच्या बापानेही.
का, विचारलं तर म्हणायचा,
नावेत माणसाला पाय पसरायला जागा नाही,
शेपट्या कुठे ठेवू?

पाण्यात टाकायचा.
एकोणचाळीस वर्षं.
गेंटपासून कोर्ट्राइकपर्यंत तळाच्या गाळात
कितीतरी असतील. कुठली विळा, कुठली वेटोळं,
आम्ही बघितलंच नाही
कुणाला काय मिळालं होतं.

भित्रं कुत्रं शेपूट घालतं म्हणतात.
आमच्या कुत्र्यांना ती सोयच नव्हती.
उंदरांवर धावली, चोरांवर, एकदा जकातवाल्यावर,
मागे हटली नाहीत.
लोक म्हणायचे, काय शूर जात आहे.
असेलही.

"आणि हिची?" त्याने आईकडे बोट केलं.
मीना स्टोव्हखाली पडून होती, एक डोळा उघडा.
कायदा झाल्यानंतरची ती.
ओडिलने रात्री कापली, दिवा न लावता,
आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
जणू मीच कापली होती.
त्यानंतर वेत होऊ दिलं नाही. म्हणाला, पुरे.
तो गेला, आणि शेजारच्या नावेवरच्या काळ्याने
कुणाला विचारलं नाही.

"अशीच जन्मली," मी म्हटलं.

त्याने वाकून अंगठा ठेवला. व्रण कळतोच,
केसांखाली शिळ्या पावाच्या कडेसारखा.
अंगठा तिथे जरा जास्तच वेळ राहिला.
मग लिहिलं: आई, अनिश्चित.
कॉफी संपवली. थंड झाली होती, तरी संपवली.

तो गेल्यावर जरा आवरलं.
ओडिलचा कोट हुकावरून काढला, झटकायला म्हणून.
तंबाखूचा वास खोलीभर झाला
आणि मीनाचं सगळं ढुंगण हलायला लागलं,
कमरेपासून, नखं फळीवर वाजवत,
जे नाही तेही हलवत.
पिल्लांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.
तरी आईच्या मागे आली, आणि हलल्या
तीन शेपट्या
आणि एक खळगा.

कोट परत हुकावर लावला.
बाराला पाण्याचं दार उघडणार होतं,
आणि धक्क्यावरचा दोर अजून सोडायचा होता.